एक आई, दोन घरं, नववी ब

तीर्थस्वरूप वहिनी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (परवा कपाट सरकवताना कंबर धरली, तेव्हापासून वाकलेलाच आहे, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना मोजून पावलं टाकता का, की दादाने वरून हाक मारली की तशाच धावता? दोघे दांडगोबा शाळेत जातात ना, आणि गेल्यावर शाळा सुरू राहते ना? दादाच्या तब्येतीची चौकशी करत नाही. गेल्या रविवारी तो फोनवर माझ्याशी ज्या आवाजात बोलला, तो आजारी माणसाचा आवाज नव्हे. इकडे आम्ही सुखरूप. तुमच्या जाऊबाई मजेत आहेत आणि तुमच्या पुतणीचे, म्हणजे आमच्या चिमणीचे, पुढचे दोन्ही दात पडल्यामुळे ती बोलता बोलता शिट्टी वाजवते. दारावरून जाणारे लोक वळून बघतात आणि आम्ही खिडकी लावून घेतो.

पत्र का लिहितो आहे, हे आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं दिराला वेड लागलं. फोन तुम्ही स्पीकरवर टाकून भांडी घासता, आणि भांड्यांच्या आवाजातही दादाला माझा शब्द न् शब्द ऐकू जातो. माझं अक्षर मात्र त्याला जन्मात लागलेलं नाही. कोंबडीचे पाय म्हणतो तो त्याला. ते फक्त तुम्हाला लागतं. तेव्हा पोस्टाचं पाकीट हा आपल्या घराण्यातला एकमेव गुप्त मार्ग आहे.

तर रविवारचं भांडण तुम्ही ऐकलंच असेल. आजवरची रीत साधी होती, सहा महिने आई तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. या महिनाअखेरीला ती इकडे यायची. आणि दादाने फर्मान काढलं की आता ने-आण बंद, आई कायमची त्याच्याकडे. म्हणे तिचं वय झालं. म्हणे प्रवास झेपत नाही. म्हणे आमचं घर मोठं आहे. मी म्हटलं, घर मोठं आहे तर भाडेकरू ठेव, आई कशाला ठेवतोस. (हे बोलायला नको होतं.) तो म्हणाला, तू मास्तर आहेस, तुला व्यवहार कळत नाही. मी म्हटलं, मी अर्थशास्त्र शिकवतो, व्यवहार कशाशी खातात ते मला विचार. मग दोघांनीही एकाच वेळी फोन ठेवला, त्यामुळे कोणी आपटला हे ठरलेलं नाही. पण वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं, मला आई हवी आहे. ती घरात असली की संध्याकाळी चप्पल काढायच्या आधीच बोलणी बसतात, आणि त्या बोलण्यांवाचून मला घरी आल्यासारखं वाटत नाही. चाळिशी उलटली तरी वाटत नाही, त्याला मी काय करू?

आता शाळेतली हकिगत ऐका. ती मी खरं म्हणजे माझ्या बाजूचा पुरावा म्हणून लिहायला बसलो होतो. मी मूळचा इतिहासाचा. पण आमच्या शाळेत शिक्षक कमी आणि विषय जास्त, त्यामुळे नववी ब ला अर्थशास्त्र शिकवायचं पंधरा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. (दुर्मिळतेचा धडा शिकवायला शिक्षक दुर्मिळ, हे मुख्याध्यापिकाबाईंना मी बोलून दाखवलं. त्या हसल्या नाहीत.) पहिलाच धडा तो. माणसाच्या गरजा अमर्याद, त्या भागवायची साधनं मर्यादित, आणि एकेका साधनाचे उपयोग अनेक. म्हणून निवड करावी लागते, आणि एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं. जे सोडलं ती त्या निवडीची किंमत. म्हणून प्रत्येक समाजाला तीन प्रश्न पडतात, काय करायचं, कसं करायचं आणि कोणासाठी करायचं. एवढंच आहे. पण पुस्तकातलं उदाहरण आहे जमिनीच्या तुकड्याचं, त्यात गहू पेरावा की कापूस, आणि नववी ब मधल्या एकाही पोराला गव्हाचं किंवा कापसाचं सोयरसुतक नाही. मागच्या बाकावर आमचा गोलंदाज बसतो (तो खडूचे तुकडे फेकतो, म्हणून गोलंदाज), तो तर उघड जांभया देत होता. तेव्हा मला एक उदाहरण सुचलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

मी फळ्यावर लिहिलं, 'समजा, एक आजी आहे. तिला हवी म्हणणारी घरं दोन आहेत. वाटप कसं कराल?'

वहिनी, वर्ग ताठ बसला. मी मनात म्हटलं, जिंकलो. माझा बेत असा होता की मुलं शास्त्रोक्त निकाल देतील, तो अर्थातच माझ्या बाजूचा असेल, आणि मी तो शाळेच्या कागदावर उतरवून दादाला पाठवीन. पहिल्या बाकावरची शंकेखोर (ही मुलगी उत्तर ऐकायच्या आधीच पुढची शंका काढते) म्हणाली, आधी साधनाचे उपयोग सांगा. मी भराभर सांगितले. बटणं लावणं. लहान मुलीच्या कविता म्हणून घेणं. हरवलेली वस्तू कुठे आहे ते जागचं न उठता सांगणं. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी नुसतं बसून राहणं, म्हणजे तो काम अर्धवट टाकून जात नाही. शंकेखोर म्हणाली, सर, हे सगळे एकाच घरातले उपयोग झाले, दुसऱ्या घरी ती काय करते? मला तुमचे दांडगोबा आठवले, त्यांना आवरायला पोलीस चौकी लागेल ते आई एका नजरेने आवरते, हे आठवलं, तुमचा गुडघा आठवला. मी म्हटलं, ते तितकंसं महत्त्वाचं नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फळा पुसायला वळलो.

मग वाटपाच्या पद्धती निघाल्या. कोणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. कोणी म्हणालं लिलाव करा, जो जास्त देईल त्याची आजी, आणि लगेच मधल्या सुट्टीतल्या डब्यांची बोली सुरू झाली. एकाने सुचवलं, ज्याला जास्त गरज त्याला द्या, तर दुसरा म्हणाला मग सर, तुम्ही आजारी पडा. मी विचारलं, मी कशाला पडू? तर तो म्हणाला, तुमचीच आई ना सर? चोराच्या मनात चांदणं, मी दचकलो. विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणे 'समजा'खाली तुम्ही दोनदा रेघ मारलीत. अख्ख्या वर्गाला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण गोलंदाजाने हात वर केला. (शाळेत आल्यापासून प्रथम. मी भारावलो.) त्याचं म्हणणं, साधन कमी पडतंय तर पुरवठा वाढवा. आमच्याकडे दोन आज्या आहेत, त्यातली एक घेऊन जा. त्यावर तिकडून आवाज आला, आमच्याकडेही आहे एक, पहाटे उठून भांडी वाजवते, पण चांगल्या स्थितीत आहे. तास संपेपर्यंत माझ्याकडे आज्यांचा एवढा साठा जमला की दुर्मिळतेचा धडा आपोआप रद्द व्हायची वेळ आली. मी घाईघाईने सांगितलं की आजी काही एकीसारखी दुसरी नसते, मला हवी ती एकच आहे. आणि पुढे कोणी काही विचारायच्या आत मी गडबडून गृहपाठ दिला. आपापल्या घरातल्या दुर्मिळ साधनांचा तक्ता करा, त्यांचे उपयोग लिहा, आणि महत्त्वाप्रमाणे क्रम लावा.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं. जाऊन बघतो तर त्यांच्या खोलीत आज्याच आज्या. खुर्च्या तीन, आज्या त्याहून जास्त, आणि बाई स्वतः खिडकीशी उभ्या. (दुर्मिळ साधनाचं वाटप तिथे ज्येष्ठतेने झालं होतं.) पुढारी होती गोलंदाजाची आजी. तुमच्या खांद्याइतकी उंची असेल नसेल. पण जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती, त्यामुळे आवाज असा की मैदानावरची मुलं आपोआप पुढे सरकली. मी हात जोडून म्हटलं, आजींना साधन म्हटलं याबद्दल क्षमा मागतो. तर ती म्हणाली, साधन म्हटलं त्याचं काही नाही, क्रमाचं काय ते बोला. नातवाच्या तक्त्यात तिचा नंबर पाणी तापवायच्या बंबाच्या खाली लागला होता. शिवाय उपयोग दोनच लिहिले होते, आणि तिच्या मते ते निदान अकरा तरी आहेत. दुसरीची तक्रार, तिला इस्त्रीच्या बरोबरीने धरलं. तिसरीचा नंबर पहिला होता, पण ती बाकीच्यांना तो दाखवायला आली होती. बाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं की हे प्रकरण ज्यांनी उभं केलं त्यांनीच वर्गात नेऊन मिटवावं. म्हणून पुढच्या तासाला नववी ब मध्ये एका बाजूला मुलं, एका बाजूला आज्या आणि मधे मी.

मी क्रम सुधारायला घेतले. बंब खाली गेला, इस्त्री हद्दपार झाली, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात शंकेखोर उठली. म्हणाली, सर, पुस्तकात लिहिलंय, 'माणसाच्या गरजा अमर्याद असतात'. आजी माणसांत येते ना? मी म्हटलं, म्हणजे काय, येतेच. ती म्हणाली, मग आपण सगळ्यांनी तिला साधनाच्या रकान्यात घातलंय. गरजांच्या रकान्यात ती कुठेच नाही.

वहिनी, मी फळ्याकडे बघितलं. खरंच नव्हती. मी नवा रकाना आखला, वर 'आजीला काय हवं' असं लिहिलं, आणि आज्यांना विचारलं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आम्हाला आता काय हवं असणार? जणू प्रार्थनाच पाठ होती. पण मुलं बघतच राहिली. (तास संपायची वाट बघायची सवय असल्याने वाट बघण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.) शेवटी इस्त्रीवाल्या आजी पुटपुटल्या, सकाळचं वर्तमानपत्र मला कोणी उलगडायच्या आधी हवं, कोरं. मग आणखी एकीला कंठ फुटला, मला विचारल्याशिवाय टीव्हीचा आवाज कमी करू नये. आणि गोलंदाजाची आजी म्हणाली, तिला एकदा बसमध्ये खिडकीशी बसून पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचंय, कुठेही उतरायचं नाही, कोणालाही तिकीट द्यायचं नाही. इतकी वर्षं बसमध्ये काढली पण बसायला कधी मिळालं नाही, म्हणाली. गोलंदाज तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात खडू होता, पण त्याने फेकला नाही. नंतर जी सरबत्ती सुरू झाली, ती लिहून घ्यायला फळा पुरेना. वर लिहिलेली दुर्मिळतेची व्याख्या पुसून मला जागा करावी लागली. गरजा अमर्याद असतात हे मी इतक्या वर्षांत इतकं पटवून कधी शिकवलं नव्हतं.

फळा भरत आला तेव्हा शंकेखोरने विचारलं, सर, तुमच्या 'समजा' आजींचं काय लिहू? मी खडू घेऊन उभा. मला आईच्या चपलेचा नंबर माहीत आहे, चहात साखर किती हे माहीत आहे, कोणत्या खांद्याला तेल लावायचं हे माहीत आहे. पण तिला काय हवं, हे मला माहीत नव्हतं. दादाशी तासभर भांडलो तेव्हाही आमच्या दोघांच्या तोंडून तो प्रश्न निघाला नव्हता. दोघांनाही ती हवी, यातच आम्ही खूश. मी वर्गाला म्हटलं, हे मी उद्या करून आणतो. सरांनाच गृहपाठ मिळाला म्हणून वर्गाने बाकं बडवली, आज्यांनीसुद्धा.

तर वहिनी, पुरावा असा माझ्यावरच उलटला. आता विनंती एवढीच, की आईला तुम्ही विचारा. दादाने नको, तो विचारतानाच उत्तर सांगेल. मीही नको, माझ्या आवाजावरून तिला कळेल मला काय ऐकायचंय, आणि ती तेच बोलेल. तुम्ही विचारा, भांडी बाजूला ठेवून. ती जे म्हणेल ते मला मान्य आहे, आणि या वाक्याखाली मी रेघ मारली आहे. दांडगोबांना गोड पापा, दादाला नमस्कार सांगू नका, सांगितलात तर पत्राचं बिंग फुटेल.

तुमचा आज्ञाधारक (आणि बिनव्यवहारी)
धाकटा दीर

ता. क. : रेघ एकदाच मारली आहे, दोनदा नाही, हे लक्षात असू द्या. आई तिकडेच राहते म्हणाली तर मी प्रत्येक सुट्टीला चिमणीसकट तुमच्याकडे येऊन पडेन, आणि तिची शिट्टी तुम्ही अजून ऐकलेली नाही.

ता. क. २ : पाकीट डकवणार तेवढ्यात राहवलं नाही, म्हणून आईच्याच फोनवर फोन केला. (काखेत कळसा. हे आधी का सुचलं नाही असं विचारू नका, मी अर्थशास्त्र शिकवतो.) तुम्ही बाजारात गेला होता. ती नेहमीचंच म्हणाली, मला काय हवं असणार बाबा, तुम्ही सुखात राहा, आणि ठेवून दिला. मी तोंड पाडून बसलो. थोड्या वेळाने तिचाच फोन आला, पूर्ण फोन, मिस कॉल नव्हे. हळू आवाजात म्हणाली, आतून कडी लागते अशी खोली असली तर बरं. मी विचारलं, कशाला गं? म्हणाली, काही नाही, दुपारी दार लावून बसेन. वहिनी, तुमच्याकडे ती दांडगोबांच्या खोलीत झोपते, आमच्याकडे बाहेरच्या खोलीत पडद्याआड. माहेरी सहा भावंडं, मग बाबांचं एका खोलीचं बिऱ्हाड, मग आम्ही दोघे. आपलं दार तिला जन्मात कधी मिळालेलंच नाही. मी विचारलं, कोणाकडे हवी? म्हणाली, तुम्ही दोघं माझेच, कडी असली म्हणजे झालं.

ता. क. ३ : आमच्या घरात जास्तीची खोली एकच, माझी अभ्यासिका, ज्यात मी गेली काही वर्षं अभ्यास सोडून सगळं करतो. ती रिकामी केली. (कंबर धरली ती त्यातच. नमस्काराच्या वेळी कपाटाचं म्हणालो, पण ते कशासाठी सरकवलं हे सांगायचा धीर झाला नाही. 'परवा' हे आजच्या हिशेबाने, कारण पत्राचा पहिला कागद मी आज परत लिहिला आहे.) व्यायामाची सायकल, जिच्यावर सदरे वाळत, ती विकली. पुस्तकं पलंगाखाली गेली आणि उत्तरपत्रिका मी आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासतो. तुमच्या जाऊबाई तिथला माझा वाटा रोज थोडा थोडा कमी करत आहेत. एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं हे पंधरा वर्षं शिकवलं, सोडून पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण रिकाम्या खोलीत उभा राहिलो तर हसू येत होतं.

ता. क. ४ : दादाकडे खोल्या तीन आहेत. तेव्हा इकडची कडी बसेपर्यंत त्याला यातलं अक्षर कळू देऊ नका. बसल्यावर खुशाल सांगा. मग त्यानेही बसवली तर बसवू दे, आईला दोन दारं होतील आणि कुठल्या दाराआड कधी बसायचं ते तिचं ती ठरवेल.

ता. क. ५ : हे पत्र खरं म्हणजे यासाठीच. सुतार पुढच्या आठवड्यात येतोय आणि विचारतोय, कडी किती उंचीवर? आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि फोनवर विचारलं तर ती म्हणेल, कुठेही बसव रे, मी करेन. म्हणून पत्र मिळालं की, ती टॉवेल वाळत घालेल तेव्हा तिच्या नकळत बघा, हात न दुखता कुठपर्यंत जातो, आणि जमिनीपासून मापून कळवा. बरोबर तेवढंच नको. त्याच्याही दोन बोटं खाली धरा.